खीळ

आमच्या गावात अशी गाडी विकत मिळत नाही,
जुळवावी लागते.
बाबांनी जुळवली ती तीन चाकांची,
ट्रकच्या जुन्या ट्यूबा पट्ट्यांनी आवळून,
फुगीर, बर्फावर माणसापेक्षा हलक्या टेकणाऱ्या.
कराकात म्हणतात तिला. मेझेन नदीकाठी घरटी एक,
आणि कुठल्याही दोन सारख्या नाहीत.

पुढचा चिमटा मात्र सरळसोट,
पाण्याच्या पाइपाचा. ना स्प्रिंग, ना तेल.
भरतीनं उलथवलेल्या बर्फाच्या ढेपांवरून
प्रत्येक गचका तो थेट मनगटात ओतायचा,
तेवीस वर्षं.
गेल्या फेब्रुवारीत बाबांना कोटाचं बटण लावता येईना.
मी न बघितल्यासारखं केलं आणि पाना शोधायला गेले.

कापितोलिनाच्या पडवीत पोत्याखाली उराल मोटरसायकल होती.
नवरा जाऊन अकरा वर्षं.
"पुढचं ने," ती म्हणाली.
"मागचं राहू दे. तिथं तो बसायचा."

दोन नळ्या, दोन स्प्रिंगा,
सील सुकलेले, शिळ्या पावाच्या कडेसारखे.
नळ्या उलट्या केल्या तर तेलाआधी पाणी आलं,
गढूळ, वाळूसकट.
मी तेव्हा विचारलं नाही.

लेथवाल्या प्रोखोरनं नवे बुश कातून दिले,
मजुरी म्हणून वीस नवागा मासे मोजून घेतले,
एकविसावा मांजरासाठी.
फुगीर चाक मावेल इतके खांदे मी रुंद केले.
वेल्डिंगच्या उजेडात अंगण निळं व्हायचं, विझायचं,
कुत्रं प्रत्येक वेळी नव्यानं भुंकायचं.
तेलानं सगळ्यात जास्त छळलं:
उणे पस्तिसात ते मधासारखं थिजतं,
स्प्रिंग आपली आत कोंडून राहते.
शिलाई मशीनचं तेल मिसळलं, निम्मंनिम्मं,
बाटली रात्रभर दाराबाहेर टांगली,
सकाळी कलती केली. वाहिलं.

बाबा बसले. काठावरच्या उंचवट्यांवरून गेले.
चाक वरखाली नाचत होतं,
हॅन्डल मात्र जागच्या जागी,
दुधाचा पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता.
अर्ध्या तासानं परत आले. चहा प्यायले. दुसरा मागितला.
"मऊ आहे," म्हणाले.
मग कपाकडे बघत,
"बहिरी केलीस तिला."

बर्फ डोळ्यांना कळत नाही, ते सांगू लागले,
वरून हिम सगळीकडे सारखंच पांघरलेलं असतं.
तो चिमट्यातून वर येतो.
जाड असला की ठणकतो, इथं, करंगळीच्या बाजूला.
पातळ असला की गप्प होतो.
"गप्प झाला की मी वळतो.
झोसिमाच्या गाडीला स्प्रिंगा होत्या."

कापितोलिनाचा झोसिमा बुडाला हे मला माहीत होतं.
कशावर बसून, ते नव्हतं.
मे महिन्यातल्या ओहोटीनं मोटरसायकल दाखवली,
तो जूनमध्ये सापडला.

रात्रभर मी त्या नळ्यांकडे बघत बसले.
काढून टाकाव्यात, तर बाबांची मनगटं.
ठेवाव्यात, तर बाबा.
पहाटे वरच्या खांद्याला एक कान जोडला, खाली एक,
मध्ये पोलादी पट्टी, आणि पट्टीत आरपार खीळ.
खीळ काढली की चिमटा श्वास घेतो,
घातली की पुन्हा पाइप.
काठावर काढायची. नदीवर घालायची.
बाबांनी चारदा काढून घालून बघितली,
पाचव्यांदा हातमोजे घालून.

कापितोलिना येऊन बघून गेली.
खिळीला तिनं लाल लोकर बांधली,
बर्फात पडली तर दिसावी म्हणून.
बाकी काही बोलली नाही.

मार्चमध्ये जाळी काढायला बाबांनी मला एकटीला पाठवलं.
काठ संपतो तिथं उतरले, खीळ ठोकली, लोकर आत खोचली.
पहिले शंभर हात नुसतं दुखलं.
हे ऐकणं कसलं, मला वाटलं, हा तर मार आहे.
मग करंगळीच्या बाजूला काहीतरी ठणकलं,
थांबलं,
मी हॅन्डल वळवलं,
आणि पुन्हा ठणकू लागलं.